घरचा संगणक आणि विकतचा पहारेकरी

म्हैसूर शहरात १९३७ साली, संस्थानी राजवटीत, लाख आणि रंग तयार करणारा एक कारखाना सुरू झाला. आज तो 'म्हैसूर पेंट्स अँड वार्निश लिमिटेड' या नावाने ओळखला जातो आणि कर्नाटक सरकारच्या मालकीचा आहे. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून देशातील मतदारांच्या बोटाला लावली जाणारी, न पुसली जाणारी शाई येथेच तयार होते. या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. उजेड लागताच ते त्वचेवर काळे पडते आणि कितीही घासले तरी काही दिवस जात नाही. मतदान केंद्रावरचा कर्मचारी मतदाराचे बोट पाहतो आणि खूण दिसली की त्याला मागे फिरवतो. व्यवस्था साधी, स्वस्त आणि खात्रीची आहे. तिची मर्यादाही तितकीच उघड आहे. जो आधी येऊन गेला, त्यालाच ही खूण पकडू शकते. पहिल्यांदाच आलेला तोतया स्वच्छ बोट पुढे करतो. त्याला ओळखायचे तर मतदारयादी आणि ओळखपत्र तपासावे लागते.

संगणकातील अँटिव्हायरस नावाची व्यवस्था कित्येक वर्षे अशीच खुणेवर चालत आली. संगणकातील विषाणू हा काही निसर्गातला जंतू नव्हे. तो माणसाने हेतुपुरस्सर लिहिलेला एक प्रोग्रॅम असतो. दुसऱ्याच्या संगणकात शिरणे, स्वतःच्या प्रती काढणे आणि माहितीची नासधूस किंवा चोरी करणे हे त्याचे काम. असा एखादा प्रोग्रॅम कोठे सापडला, की तज्ज्ञ त्याच्यातील ठरावीक खूण शोधून काढतात आणि ती एका यादीत नोंदवतात. अँटिव्हायरस संगणकात येणारी प्रत्येक फाइल त्या यादीशी ताडून पाहतो. यादी ताजी असेल तर ओळखीचा चोर पकडला जातो; कालच लिहिलेला विषाणू मात्र स्वच्छ बोट दाखवून आत येऊ शकतो. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढे प्रोग्रॅमच्या वागणुकीवर नजर ठेवणारे अँटिव्हायरस तयार झाले. एखादा प्रोग्रॅम अचानक शेकडो फाइली बदलू लागला, तर तो यादीत नसला तरी संशयित ठरतो. तरीही शंभर टक्के खात्री कोणीच देऊ शकत नाही, आणि प्रामाणिक विक्रेता तशी ती देतही नाही.

असा पहारेकरी घरच्या संगणकासाठी दरवर्षी पैसे मोजून आणावा काय, हा प्रश्न आता अनेक घरांत पडतो. उदाहरणार्थ, म्हैसूरच्या रेल्वे कारखान्यात, इन्फोसिसच्या प्रशिक्षण केंद्रात किंवा १९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भाषा संस्थानात नोकरीनिमित्त येऊन राहिलेले एखादे मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. घरात एकच संगणक. त्यावर मुलीचा अभ्यास, आईचे मुक्त विद्यालयाचे परीक्षा-अर्ज, वडिलांचे बँकेचे व्यवहार आणि गावाकडच्या लग्नकार्यांची छायाचित्रे. संगणक विकत घेताना दुकानदार सांगतो, "अँटिव्हायरस घ्याच, नाहीतर महिनाभरात सगळे बिघडेल." जाणकार भाचा फोनवर सांगतो, "काही गरज नाही मामा, पैसे वाया घालवू नका." दोघेही तितक्याच ठामपणे बोलतात. दोघांच्या बोलण्यात थोडे थोडे तथ्य आहे. पण दुकानदाराचे तथ्य जुन्या काळातले आहे.

तो काळ खरोखरच वेगळा होता. १९८६ मध्ये लाहोर येथील दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपीवरून देशोदेशी पसरला. दर वर्षी ६ मार्चला, म्हणजे शिल्पकार मायकेलँजेलोच्या जन्मदिनी, हार्ड डिस्कवरील माहिती नष्ट करणाऱ्या 'मायकेलँजेलो' या विषाणूने १९९२ मध्ये जगभर धास्ती पसरवली. तेव्हा संगणकाला स्वतःचे असे संरक्षण जवळजवळ नव्हतेच. याच परिस्थितीत पुण्यात एक मराठी उद्योग उभा राहिला. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शाळा सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले. पुढे त्यांनी दुरुस्तीचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला आणि संगणकांची दुरुस्तीही शिकून घेतली. दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक यंत्रांचे दुखणे यंत्रात नसून विषाणूत आहे, हे ध्यानात आले. संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उपाय करणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' हे उत्पादन बाजारात आले. २००७ मध्ये कंपनीने हेच नाव धारण केले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली. औपचारिक शिक्षण अर्धवट सोडलेल्या माणसाने हाताच्या कामातून ज्ञान कसे मिळवले, याचे हे उदाहरण मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्याला परके वाटण्याचे कारण नाही. त्या काळात या पेटीची गरज होती, म्हणूनच ती घरोघरी गेली. दुकानदाराचा आग्रह त्या अनुभवातून आलेला आहे. निव्वळ लोभ म्हणून तो उडवून लावणे अन्यायाचे होईल.

परंतु मधल्या वर्षांत एक महत्त्वाचा बदल झाला. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००९ मध्ये आपला अँटिव्हायरस मोफत देण्यास प्रारंभ केला आणि २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून तो थेट विंडोजमध्येच बसवला. आज विंडोज असलेला नवा संगणक घरी येतो तेव्हा 'डिफेंडर' नावाचा हा पहारेकरी आधीपासूनच कामावर असतो. तो प्रारंभी कच्चा होता आणि त्याची थट्टाही होत असे. पुढे त्यात बरीच सुधारणा झाली. निरनिराळ्या अँटिव्हायरसची परीक्षा घेणाऱ्या स्वतंत्र प्रयोगशाळांच्या चाचण्यांत तो आता विकतच्या नामांकित उत्पादनांच्या पंक्तीत बसतो. दुसरा अँटिव्हायरस बसवला, की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. म्हणजे पैसे देऊन आणलेला पहारेकरी दुसरा म्हणून येत नाही. तो पहिल्याच्या जागी येतो. घराला दोन कुलपे लागली असे समजणाऱ्याच्या दाराला प्रत्यक्षात एकच कुलूप असते.

तेव्हा साधारण घरगुती वापरासाठी, अधिकृत आणि अद्ययावत विंडोज असलेल्या संगणकावर, वेगळा अँटिव्हायरस विकत घेण्याची आज आवश्यकता नाही, हेच मत योग्य वाटते. येथे प्रत्येक विशेषण मोजून घ्यावे लागते. 'अद्ययावत' हा शब्द तर सर्वांत जड आहे.

तो किती जड आहे हे २०१७ साली जगाने पाहिले. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर विषाणू पसरला. तो संगणकातील सर्व फाइली कुलूपबंद करी आणि किल्लीसाठी पैसे मागे. इंग्लंडमधील रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. हा विषाणू विंडोजमधील ज्या फटीतून शिरत होता, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच, प्रसृत केली होती. ज्यांनी ती बसवली होती त्यांच्या संगणकात त्या फटीतून त्याला शिरता आले नाही. ज्यांनी 'अपडेट' ही सूचना दररोज 'नंतर' म्हणून पुढे ढकलली, त्यांच्यावर संकट कोसळले. पुढच्याच महिन्यात, २७ जून रोजी, त्याच फटीचा उपयोग करणारा आणखी एक विषाणू आला. मुंबईजवळच्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात एका परदेशी कंपनीकडून चालवल्या जाणाऱ्या धक्क्याचे काम त्यामुळे विस्कळीत झाले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा माल अडला तो युरोपातून पसरलेल्या एका प्रोग्रॅममुळे. घरच्या संगणकाची गोष्ट याहून लहान असली तरी तत्त्व तेच आहे. भिंतीलाच भोक राहिले तर दारातला पहारेकरी कितीही जागरूक असून काय उपयोग?

या दृष्टीने जुन्या संगणकाचा प्रश्न फार गंभीर आहे आणि तो गरीब घरांना अधिक जाचतो. विंडोज ७ ला मिळणाऱ्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नेहमीच्या दुरुस्त्याही थांबल्या; घरगुती ग्राहकांना नावनोंदणी करून आणखी एका वर्षाची मुदत तेवढी देण्यात आली. विंडोज ११ साठी लागणारी यंत्रसामग्री अनेक जुन्या संगणकांत नाही. चांगले चालणारे यंत्र केवळ या कारणाने निरुपयोगी ठरावे, हे ग्राहकाच्या दृष्टीने मुळीच न्याय्य नाही. अशा वेळी दुकानदार जुन्या यंत्रावर महागडा अँटिव्हायरस बसवून देतो आणि निश्चिंत राहा म्हणतो. हा सल्ला चुकीचा आहे. न बुजवलेल्या फटी अँटिव्हायरस बुजवू शकत नाही. फार तर आत येणाऱ्यांपैकी काहींना अडवतो. त्यापेक्षा जुन्या यंत्रावर लिनक्ससारखी मोफत आणि सतत दुरुस्त होत राहणारी प्रणाली बसवून घेणे शहाणपणाचे आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची अशी भारतीय प्रणाली तयार केली असून तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. सवय बदलावी लागते, हे खरे. पण अर्ज भरणे, पत्र लिहिणे आणि इंटरनेट पाहणे यांपलीकडे ज्या घराचा वापर जात नाही, त्या घराला ही सवय आठ-पंधरा दिवसांत लागते.

चोरून उतरवलेल्या विंडोजची गोष्ट आणखी वेगळी. अशी प्रत बसवून देणारा कारागीर अनेकदा स्वतःच दुरुस्त्यांची सोय बंद करून ठेवतो आणि फुकटात मिळवलेले 'कुलूपतोड' प्रोग्रॅम चालावेत म्हणून डिफेंडरलाही झोपवतो. कित्येकदा त्या कुलूपतोड प्रोग्रॅमातच विषाणू दडलेला असतो. घरमालकाच्या हातून पहारेकऱ्याला सुट्टी देववणारा चोर, असे याचे वर्णन करता येईल.

विकतच्या अँटिव्हायरसच्या बाजूने एक मुद्दा मात्र मनापासून मान्य करावा लागतो. त्या पेटीबरोबर पुष्कळदा एक माणूस मिळतो. स्थानिक विक्रेता घरी येतो, बसवून देतो, अडले तर फोनवर आपल्या भाषेत समजावतो. मुले परगावी असलेल्या वृद्ध दांपत्याला हा आधार मोलाचा वाटला तर त्यात नवल नाही. मोफत मिळणारा पहारेकरी असा फोन उचलत नाही. शिवाय मुलांच्या वापरावर देखरेख, फसव्या संकेतस्थळांना अटकाव अशा सोयीही काही पेट्यांत असतात. हा आधार हवा असेल तर पैसे जरूर द्यावेत. मात्र आपण आधार विकत घेत आहोत, अभेद्य तटबंदी नव्हे, हे ओळखून द्यावेत.

तसेच मोफत म्हणून मिळणारा प्रत्येक अँटिव्हायरस निरपेक्ष सेवा करतो, असेही मानू नये. 'अवास्ट' या प्रसिद्ध कंपनीने आपल्या ग्राहकांनी इंटरनेटवर काय काय पाहिले याची माहिती एका उपकंपनीमार्फत विकल्याचे उघड झाले. २०२० मध्ये ती उपकंपनी बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कंपनीला एक कोटी पासष्ट लाख डॉलर भरावयास लावले. पहारेकऱ्याला घराच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या द्याव्या लागतात. म्हणूनच नवा पहारेकरी नेमण्याआधी त्याची गरज आहे का, हे तपासणे इष्ट. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष दुरुस्तीने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले आणि भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास देण्याची वेळ आली. ते सॉफ्टवेअर मोठ्या संस्थांसाठीचे होते, घरगुती नव्हते. तरी संरक्षणाचे साधनच संकट ठरू शकते, एवढे त्यातून दिसले.

आता सर्वांत अवघड भाग. घरातील पैसा आज ज्या वाटांनी जातो, त्यांतल्या बऱ्याचशा वाटांवर अँटिव्हायरस उभाच नसतो. बँकेतून बोलतो असे सांगून कोणी फोन करतो आणि गृहिणी मोबाइलवर आलेला ओटीपी वाचून दाखवते. संगणकाच्या पडद्यावर अचानक लाल चौकट उमटते, भोंगा वाजतो, "तुमच्या संगणकात विषाणू सापडले आहेत, या क्रमांकावर त्वरित फोन करा" असा मजकूर झळकतो. घाबरून फोन केला की पलीकडचा माणूस संगणकाचा ताबा मागतो आणि दुरुस्तीचे पैसेही उकळतो. विषाणूच्या भीतीचाच हा व्यापार आहे; इतकी वर्षे अँटिव्हायरसच्या जाहिरातींनी जोपासलेली भीती येथे चोरांच्या कामी येते. याहून भयंकर प्रकार म्हणजे 'डिजिटल अरेस्ट'. पोलिसांचा गणवेश घातलेला ठक व्हिडिओवरून दरडावतो, अटकेची भीती घालतो आणि आयुष्यभराची पुंजी दुसऱ्या खात्यात वळवून घेतो. भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात' कार्यक्रमात पंतप्रधानांनाही याविषयी देशवासीयांना सावध करावे लागले. या सर्व प्रकारांत चोर दार फोडत नाही. घरातलेच कोणीतरी त्याला दार उघडून देते.

कायद्याची भूमिकाही येथे समजून घेण्यासारखी आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात असे ठरवले, की चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा फसवणुकीची खबर बँकेकडून सूचना मिळाल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर ग्राहकाला नुकसान सोसावे लागू नये. मात्र ग्राहकाने आपली गुप्त माहिती दुसऱ्याला सांगितली असेल, तर खबर देईपर्यंतचे नुकसान त्याचेच. म्हणजे ओटीपी सांगणे आणि उशिरा तक्रार करणे या दोन चुका सर्वाधिक महाग पडतात. फसवणूक लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवले, तर पैसे पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी रोखले जाण्याची शक्यता असते. लाजेपोटी घरात दडवून ठेवलेले दोन दिवस चोराला पुरतात. शिकलेला माणूस फसत नाही, हा गैरसमज या लाजेच्या मुळाशी आहे. निवृत्त अधिकारी आणि डॉक्टरही फसले आहेत. दहावी न झालेल्या माणसाने फसण्याची वेगळी लाज बाळगण्याचे कारण नाही.

तेव्हा अँटिव्हायरससाठी बाजूला काढलेले पैसे त्या म्हैसूरच्या घराने कोठे खर्चावेत? एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी. त्यावर प्रमाणपत्रे, छायाचित्रे, जमिनीचे आणि बँकेचे कागद यांची प्रत महिन्यातून एकदा काढावी आणि काम होताच ती संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी. जोडलेलीच ठेवली तर खंडणीखोर विषाणू तिलाही कुलूप लावतो. एका वर्षाच्या वर्गणीत कदाचित ही डिस्क येणार नाही. दोन-तीन वर्षांच्या वर्गणीत येईल आणि कित्येक वर्षे टिकेल. विषाणूच नव्हे, तर विजेचा झटका, डिस्कचे आकस्मिक मरण, चोरी आणि पावसाळ्यातले पाणी या साऱ्यांवर तीच एक तोड आहे. गेल्या पिढीतील माणसे गुणपत्रिकेच्या साक्षांकित प्रती करून ट्रंकेत ठेवत, ती सवय संगणक आल्यावर अकारण सुटली.

याला अपवाद आहेत आणि ते सांगितले पाहिजेत. ज्या घराच्या पुढच्या खोलीत झेरॉक्स, छपाई किंवा अर्ज भरून देण्याचा छोटा व्यवसाय चालतो, तेथील संगणक घरगुती राहत नाही. दिवसभर तेथे पन्नास अनोळखी पेन ड्राइव्ह लागतात आणि एकाचा संसर्ग दुसऱ्याच्या घरी जातो. परीक्षेचा अर्ज भरायला आलेल्या मुलीचे ओळखपत्र, गुणपत्रिका, आईच्या खात्याचा क्रमांक हे सारे त्या यंत्रात उमटून राहते. अशा चालकाने चांगला अँटिव्हायरस विकत घ्यावा, प्रत्येक पेन ड्राइव्ह आधी तपासावा आणि संध्याकाळी गिऱ्हाइकांच्या फाइली न विसरता पुसून टाकाव्यात. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या संकेतस्थळावर संगणक तपासून साफ करणारी साधने विनामूल्य दिली गेली. त्यांचाही लाभ अशा व्यावसायिकाला घेता येतो. आणि गिऱ्हाइकानेही आपला पेन ड्राइव्ह घरी आणून संगणकाला लावण्यापूर्वी, तो कोणकोणत्या यंत्रांना लागून आला आहे, याची आठवण ठेवलेली बरी.